भिंतीवरचा नकाशा अंगणात
(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

बायांनो, कुणी रानातनं आत्ताच आला असाल, कुणी चुलीपुढं बसला असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं द्या. आम्ही माण तालुक्यातल्या एका वाडीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. माइकपुढं एकटी समन्वयक आहे, पण काय सांगायचं ते सगळ्यांनी बैठकीत बसून ठरवलंय. म्हणून ‘आम्ही’ म्हणूनच सांगतो.

एरवी आम्ही या कार्यक्रमात हप्ता, कर्ज, शेळ्यांच्या लसी असलं काही सांगतो. आज भूगोल सांगणार आहोत. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

गौरी-गणपती झाले आणि आमच्या शाळेवर चार मुली आल्या. डी.एल.एड. करणाऱ्या, उद्याच्या शिक्षिका. अभ्यासाचा भाग म्हणून त्यांना काही आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढं शिकवावं लागतं. रोज येणं-जाणं परवडेना, म्हणून गटातल्या दोन घरांनी त्यांना ठेवून घेतलं. पोरी गुणी होत्या. भाकरी थापायला बसायच्या, रात्री कंदिलासारख्या मोबाइलच्या उजेडात पाठाचं टाचण काढायच्या. उद्दिष्टं, साहित्य, फळ्यावर काय लिहायचं, सगळं चौकटीत आखलेलं.

एके दिवशी त्यातली एक पोर शाळेतून आली ती न जेवताच बसली. थोरल्या आक्कांनी विचारलं, “काय गं, पोरं दंगा करतात का?” तेव्हा कळलं. त्या दिवशी तिचा पाठ होता, आपला जिल्हा. तिनं नकाशा भिंतीला टांगला, काठीनं दाखवलं: इथं महाबळेश्वर, इथं फार पाऊस पडतो, इथं माण, इथं कमी पडतो. पाठ संपला. “काही शंका?” असं तिनं रिवाजाप्रमाणं विचारलं. आणि चौथीतला एक पोरगा उठून म्हणाला, “मॅडम, एकाच जिल्ह्यात एवढा पाऊस पडतो, तर आमच्या वाडीला टँकर का लागतो?”

तिला उत्तर आलं नाही. ती म्हणाली, “पुस्तकात तेवढंच होतं, मावशी. मी दहावीनंतर भूगोल पाहिलाच नाही. आता उद्या मी शिक्षिका होणार आणि मला माहीत नाही की पाऊस तिकडं का पडतो आणि इकडं का नाही.”

घरात सगळे गप्प झाले. कारण ते उत्तर आम्हालाही येत नव्हतं. आमच्या समन्वयक बाईंनी बी.ए. केलंय, नकाशे रंगवून मार्क मिळवलेत, तरी त्यांनाही ते पोराला कळेल असं सांगता येईना.

आणि बायांनो, भूगोल न आल्याची किंमत आम्ही आधीच मोजली होती. ती गोष्ट सांगताना अजून लाज वाटते, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्यावर एक बंधारा झाला. कामाआधी ग्रामसभेत एक मोठा कागद टेबलावर पसरला होता. त्यावर रेघा, आकडे, निळी-तांबडी चिन्हं. “बंधारा इथं होणार, तुमच्या विहिरीला पाणी येईल,” असं सांगितलं. आम्ही कागदाकडं पाहिलं, मान हलवली, सह्या केल्या. पाऊस झाला, बंधारा भरला आणि आमच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी एक फूटही वाढलं नाही. का, ते कुणाला कळलं नाही. कुणी म्हणालं देवाची मर्जी, कुणी म्हणालं विहीरच फुटकी. काम कुणी केलं, ते उगाळण्यात अर्थ नाही. खाली सही आमची होती, आणि जो कागद वाचता येत नाही त्यावर ती केली होती.

म्हणून त्या रात्री ठरलं की पोरींनी आणि आम्ही मिळून भूगोल पहिल्यापासून शिकायचा. त्यांच्याकडं पुस्तक होतं, आमच्याकडं शिवार होतं. पुढचे काही आठवडे जे केलं ते आता क्रमानं सांगतो.

पहिलं काम, नकाशा भिंतीवरून खाली काढला. कारण सांगतो. एका मुलीनं वर्गात विचारलं, “उत्तर दिशा कुठं?” निम्म्या पोरांनी बोट आढ्याकडं केलं. त्यांची चूक नाही. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर वरच असते. मग पोरं समजतात की उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली. त्यातून पुढं वाटतं की नद्या दक्षिणेलाच वाहत असतील, कारण पाणी खाली जातं. नदी दिशा बघत नाही, उतार बघते. नर्मदा आणि तापी पश्चिमेला जातात, आपली माणगंगा आग्नेयेकडं जाते. नकाशा अंगणात अंथरला, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडं फिरवली आणि पोरांना भोवती बसवलं, की हा घोळ एका दिवसात जातो.

पण खरी उत्तर कुठं? आम्ही म्हणालो, सोपं आहे, सूर्य उगवतो ती पूर्व. पोरींनी पुस्तक काढून दाखवलं की सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या 21 तारखेच्या सुमारास आणि सप्टेंबरच्या 22-23 तारखेला. उन्हाळ्यात तो उत्तरेकडं सरकतो, थंडीत दक्षिणेकडं. थोरल्या आक्का म्हणाल्या, “हे मला ठाऊक आहे की. दिवाळीत ऊन माझ्या जात्यापर्यंत आत येतं, उन्हाळ्यात उंबऱ्यावर थांबतं.” पोरींनी ते वहीत लिहून घेतलं.

मग अंगणात एक सरळ काठी रोवली. अकरा वाजल्यापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवत गेलो. सावली कमी कमी होत गेली आणि पुन्हा वाढायला लागली. सगळ्यात आखूड सावली बारा वाजता पडली नाही, बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी पडली. पोरांना वाटलं घड्याळ चुकलं. घड्याळ बरोबर होतं. आपलं घड्याळ साऱ्या देशाचं एकच आहे आणि ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. ती रेघ आपल्या खूप पूर्वेला, प्रयागराजजवळून जाते. आपण पश्चिमेला, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य अर्धा तास उशिरा येतो. महिन्यागणिक त्यात थोडं पुढं-मागं होतं, एवढंच. त्या आखूड सावलीची जी रेघ, ती उत्तर-दक्षिण. तिथं आम्ही चुन्यानं रेघ मारून ठेवली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला एकेक दिवस असा येतो की भर दुपारी आपल्याकडं काठीला सावलीच पडत नाही. पुढच्या मे महिन्यात आम्ही तो बघणार आहोत.

दुसरं काम, वाडीचा नकाशा. पोरी कागद आणि पट्टी घेऊन बसल्या. आम्ही म्हटलं, कागद लहान पडेल, रांगोळी काढू. शाळेच्या मैदानात ठिपके दिले. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे शंभर पावलं. झालं की प्रमाण! ज्या ‘प्रमाण’ शब्दाला पोरी घाबरत होत्या, ते आम्ही लग्न झाल्यापासून दारात काढत आलोय. अक्षांश-रेखांशही तिथंच उलगडले. “विहीर कुठं?” तर तिसऱ्या ओळीतला पाचवा ठिपका. पृथ्वीवरचं गाव सांगायचीही हीच रीत आहे, आडव्या रेघा आणि उभ्या रेघा.

मग पावलं मोजत सगळी वाडी फिरलो. हळदीनं घरं, कुंकवानं देऊळ, निळीनं ओढा, शेणानं उकिरडे, खड्यांनी टेकड्या. इथं एक गंमत झाली, आणि गंमत म्हणावी की काय ते तुम्हीच ठरवा. पोरांनी काढलं त्यात शाळा, देऊळ, दुकान, पार आला. बायांनी काढलं त्यात पाण्याची वाट, सरपणाची वाट, अंधारात आडोशाला जायची जागा आली. आणि एक म्हातारी आजी कडेला उभी होती, ती म्हणाली, “आमची चार घरं कुठं आहेत?” ओढ्यापलीकडची चार घरं आम्ही काढलीच नव्हती. टँकर तिथं जात नाही, आणि नकाशा काढताना आमचंही पाऊल तिथं गेलं नाही. पोरींना आम्ही सांगितलं, शिकवताना हे नक्की सांगा. नकाशा काढणारा माणूस असतो. त्यानं काय घेतलं ते बघा आणि काय सोडलं तेही बघा.

तिसरं काम, पाऊस मोजणं. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवला, रोज सकाळी आठला पट्टीनं पाणी मोजायचं. एका रात्री 20 मिलिमीटर पाऊस झाला. पोरगा म्हणाला, “एवढंसंच?” मग हिशेब केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. शाळेचं छत तीस फूट बाय वीस फूट, म्हणजे साधारण 55 चौरस मीटर. वीस मिलिमीटर म्हणजे अकराशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सत्तरच्या वर हंडे! एका रात्रीत, एका छतावरून, वाहून ओढ्याला गेलेले. हिशेब ऐकून बाया उठून उभ्या राहिल्या. व्याजाचे आकडे आम्ही तोंडी करतो, पण पावसाचा हिशेब आयुष्यात कधी कुणी आम्हाला घालून दिला नव्हता.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येऊ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आपल्या माणात साधारण पाचशे, कधी त्याच्याही खाली. जिल्हा एकच. हे का होतं ते शिकवायला पोरींनी आमच्याकडनं दोन पाट्या आणि एक घोंगडं मागून घेतलं. पाट्या पालथ्या घालून त्यावर घोंगडं टाकलं, तो झाला सह्याद्री. पश्चिमेला निळं लुगडं पसरलं, तो अरबी समुद्र. पोरं झाली ढग. समुद्रावर प्रत्येकाला ओंजळभर ज्वारी दिली. वारा त्यांना डोंगराकडं ढकलतो. चढताना ज्वारी सोडायची, माथ्यावर भरपूर सोडायची, आणि मग उतरून आपल्याकडं यायचं. पोरं माणात पोचली तेव्हा कुणाच्या मुठीत पाच दाणे, कुणाच्या सात.

चढतानाच ज्वारी का सोडायची, हे मात्र खेळात दिसत नाही, सांगावं लागतं. भाताच्या पातेल्यावर थंड ताटली धरली की तिला आतून पाणी सुटतं. वाफ गार झाली की तिचं पाणी होतं. समुद्रावरची ओली हवा डोंगराला अडून वर चढते, वर गारठा असतो, वाफेचं पाणी होतं आणि तिथंच कोसळतं. तीच हवा अलीकडं उतरते तेव्हा उलट तापत जाते, ढग विरतात. म्हणून आपण डोंगराच्या आडोशाला, पर्जन्यछायेत. आपल्याकडं जो काही पाऊस येतो त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात, मॉन्सून मागं फिरायच्या दिवसांत येतो. तुम्ही उत्तरा आणि हस्त नक्षत्रांची वाट बघता ती उगाच नाही.

खेळ झाल्यावर तोच पोरगा पुन्हा उठला. “मग तिथं पडलेलं पाणी इकडं का येत नाही?” ती मुलगी या वेळी घाबरली नाही. तिनं त्यांना छपरापुढं नेलं. छपराचं आढं असतं. आढ्याच्या या बाजूला पडलेला थेंब या पन्हाळीत, त्या बाजूचा त्या पन्हाळीत. जमिनीलाही आढी असतात. संक्रांतीला आपण बाया कुळकजाईच्या सीतामाईच्या डोंगरावर ववसायला जातो ना, तो असाच आढ्याचा डोंगर. त्याच्या एका अंगानं माणगंगा निघते, दुसऱ्या अंगानं बाणगंगा फलटणकडं उतरते. इतकी वर्षं आम्ही तिथं हळदी-कुंकू वाहिलं, पण आपण दोन नद्यांच्या मधोमध उभ्या आहोत हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

महाबळेश्वरचं पाणी कृष्णेतून वाई, माहुली, कऱ्हाड, सांगलीवरून कर्नाटकात जातं. आपली माणगंगा म्हसवड, आटपाडी, सांगोल्याकडून पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. आणि भीमा पुढं रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे पोराच्या प्रश्नातली दोन्ही पाणी भेटतात, पण शेकडो किलोमीटर लांब जाऊन. मधल्या उंचीवरून पाणी आपणहून येणार नाही. उरमोडीचं आणि जिहे-कठापूर योजनेचं पाणी खटाव-माणकडं आणलं जातं ते पंपानं उचलून. इथं त्या मुलीनं पोरांना एक वाक्य सांगितलं, ते आम्हाला फार पटलं. ती म्हणाली, “पाऊस कुठं पडतो ते डोंगर ठरवतो. पडलेलं पाणी कुणाला मिळतं ते बरंचसं माणसं ठरवतात. भूगोलात दोन्ही शिकायचं.”

चौथं काम आम्ही सुचवलं, माणसांचा नकाशा. भारताच्या नकाशावर प्रत्येक घरानं एक दाणा ठेवायचा, आपलं माणूस कुठं आहे तिथं. कुणाचा भाऊ गलाईच्या धंद्यात केरळात, कुणाचा दीर तामिळनाडूत, कुणाचा पंजाबात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी घरं कोल्हापूर-सांगलीकडं. मेंढरं घेऊन जाणारी कोकणाकडं. दाणे ठेवून झाले आणि एक काकू म्हणाली, “डोंगरानं पाऊस अडवला, त्याचे हे दाणे.” चारही मुली गप्प उभ्या होत्या. राज्यांच्या राजधान्या पाठ करून घेण्यापेक्षा हा एक तास जास्त शिकवून गेला, असं त्याच नंतर म्हणाल्या.

आता बंधाऱ्याचं सांगतो. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला येतं, त्यावरून कुठली जागा उंच आणि कुठली खोल ते कळतं. टप्प्याटप्प्यानं विहिरीपासून बंधाऱ्यापर्यंत गेलो. अडलेल्या पाण्याची पातळी विहिरीच्या पाण्यापेक्षा खाली निघाली. बंधारा विहिरीच्या खालच्या अंगाला होता. तिथं मुरलेलं पाणी उतारानं आणखी खालच्या शिवारात जात होतं, वर आमच्या विहिरीत कसं येणार? देवाची मर्जी नव्हती, विहीरही फुटकी नव्हती. आणि हे त्या कागदावर लिहिलेलं होतं. कागदावरच्या वळणावळणाच्या रेघा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, समोच्च रेषा. ठरावीक रेघांवर त्यांची उंची आकड्यात असते. दोन आकडे वाचता आले असते तर त्याच सभेत आम्ही विचारलं असतं.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आम्ही आमचा नकाशा कागदावर उतरवून नेला. ओढ्यापलीकडची चार घरंही त्यात होती. पुन्हा टेबलावर मोठा कागद पसरला गेला. या वेळी थोरल्या आक्कांनी विचारलं, “साहेब, यात उत्तर कुणीकडं? आणि आमच्या विहिरीचा आकडा किती, या कामाच्या जागेचा किती?” सभेत शांतता झाली. मग आकडे वाचून दाखवले गेले. विहिरीच्या वरच्या अंगाला नवीन काम घ्यावं अशी आमची मागणी लिहून घेतली आणि जागा पाहायला येण्याचं ठरलं. चार घरांसाठी टँकरचा थांबा ओढ्याच्या अलीकडं द्यायचंही लिहिलं. काम मंजूर झालं असं आम्ही आज सांगू शकत नाही. पण न वाचता सही करायची नाही, एवढं गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवलंय.

पोरी गेल्या तेव्हा त्यांची टाचणं आम्ही पाहिली. साहित्याच्या रकान्यात आधी ‘नकाशा, खडू, काठी’ असायचं. आता घोंगडं, ज्वारी, डबा, रांगोळी आणि ‘गावातल्या दोन बाया’ असं लिहिलेलं होतं.

बायांनो, तुमच्या शाळेवरही असे उद्याचे शिक्षक येतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावू नका. त्यांना शिवारात न्या, विहिरीची गोष्ट सांगा, कुठला वारा आला की पाऊस येतो ते सांगा. त्यांच्याकडून ‘का’ शिकून घ्या. आणि तोवर गटात तीन गोष्टी करा. अंगणात काठी रोवून उत्तर-दक्षिण रेघ मारा. सरळ बाजूंचा डबा ठेवून पाऊस मोजा आणि भिंतीवर लिहा. ठिपके देऊन वाडीचा नकाशा काढा आणि काढून झाल्यावर विचारा, कुणाचं घर राहिलं?

तो चौथीतला पोरगा आता रोज सकाळी आठला डबा मोजतो. परवा येऊन म्हणाला, “मावशी, आज शून्य.” आम्ही म्हटलं, शून्यही लिही बाबा. आपल्या भूगोलात ते फार येतं.

रामराम. पुढच्या वेळी भेटू.